फटाक्यांची भीती म्हणून आलेली केस: एका बीगलची चॉकलेट विषबाधा

रुग्ण: बीगल जातीची कुत्री, वय ४ वर्षं, वजन ११ किलो, नसबंदी झालेली, लसी वेळेवर. याआधीच्या तक्रारी म्हणजे अधूनमधून कान फुटणं आणि दर दिवाळीत फटाक्यांची भीती. तिला इथे चिकू म्हणू. घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

धनत्रयोदशीच्या रात्री साडेदहाला चिकूच्या मालकीणबाईंचा फोन आला, तो चॉकलेटसाठी नव्हताच. "डॉक्टर, चिकू फार घाबरलीय हो. खाली पोरांनी माळा लावल्या मघाशी. थरथरतेय, धापा टाकतेय, एका जागी थांबत नाहीये. मागच्या वर्षी दिली होतीत ती गोळी घरात आहे, देऊ का?"

दिवाळीच्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरला असे फोन रोजचेच. "हो, द्या अर्धी" म्हणून फोन ठेवणं सगळ्यात सोपं असतं. पण चिकू मला पिल्लू असल्यापासून माहीत. फटाके वाजले की ही वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसते, मग चिकनचं आमिष दाखवलं तरी बाहेर येत नाही. म्हणून मी विचारलं, "बसलीय कुठे ती?"

"बसतच नाहीये ना! हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी. बाल्कनीत जाऊन भुंकून येते."

फटाक्याला घाबरलेलं कुत्रं सहसा आवाजाच्या दिशेनं जात नाही. अंधार शोधतं, कोपरा शोधतं, पलंगाखाली शिरतं. शेपूट पायात, कान मागे, अंग चोरलेलं. मी पुढे विचारलं, पाणी किती प्यायली? भांडं दोनदा भरून संपवलं होतं. शू? घरात दोनदा, आणि ही तर तीन महिन्यांची असल्यापासून घरात कधीच न करणारी. फटाके बंद झाल्यावर जरा निवांत होते का? त्या म्हणाल्या, "आत्ता तर बंदच आहेत की. दहा मिनिटं झाली असतील. हिचं चालूच आहे."

ही माहिती मिळाल्यावर भीती हे निदान मला पटेना. आवाज थांबल्यावर भीती ओसरायला लागते, निदान कमी-जास्त तरी होते. इथे थरथर सलग होती आणि सोबत तहान, भरपूर लघवी आणि विनाकारण तरतरी. हे चित्र कुठल्या तरी उत्तेजक पदार्थाचं होतं. मग नेहमीची यादी विचारली. गोचिडांचं औषध लावलंय का? उंदराचं औषध ठेवलंय का? फुटलेल्या फटाक्याची दारू चाटली का? घरात कुणाला दम्याच्या गोळ्या आहेत का? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण दम्यासाठी वापरतात ते थिओफायलिन आणि चॉकलेटमधलं कुत्र्याला बाधणारं द्रव्य थिओब्रोमाइन ही सख्खी भावंडं. एका कुत्र्यानं आजोबांच्या गोळ्यांची पट्टी चघळली तर चित्र हुबेहूब असंच दिसतं. या घरात आजी आहेत, पण गोळ्या फक्त रक्तदाबाच्या आणि त्या सगळ्या जागेवर होत्या.

"बरं, स्वयंपाकघरात उघडं काय आहे?"

"फराळाचे डबे बंद आहेत. ओट्यावर माझ्या ऑर्डरचं चॉकलेट आहे, पण ते वर, भिंतीला लावून…" आणि बाई थांबल्या. त्या घरून चॉकलेटं करून विकतात. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे त्यांचा धंद्याचा काळ. मागून पुरुषाचा आवाज आला, "अगं, सोफ्यामागे हे काय आहे बघ."

सोफ्यामागे चांदी कागदाचे तुकडे होते आणि कोपरे चावलेला जाड पुठ्ठा.

किती, कुठलं, कधी

इथून पुढची पाच मिनिटं या केसमध्ये सगळ्यात मोलाची ठरली, म्हणून सविस्तर लिहिते.

चिकूच्या मालकांचं पहिलं वाक्य होतं, "मागच्या वर्षी हिनं माझ्या बॅगेतलं अख्खं चॉकलेट खाल्लं होतं. काही म्हणजे काही झालं नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते. मागच्या वर्षीचं चॉकलेट साधं मिल्क चॉकलेट होतं, ४० ग्रॅमच्या आसपासचं. मिल्क चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमाइन धरतात. म्हणजे ८० मिलिग्रॅम. भागिले ११ किलो, किलोमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम. कुत्र्यांमध्ये त्रास दिसायला लागतो तो किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास: उलटी, जुलाब, तहान, अस्वस्थता. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडायला लागतात. ६० च्या पुढे आकडी येऊ शकते. १०० ते २०० च्या दरम्यान निम्मी कुत्री दगावू शकतात. ७ म्हणजे काहीच नाही. त्यामुळे मागच्या वर्षी काही झालं नाही यात नशीब नव्हतं आणि चिकूची पचनशक्तीही नव्हती, नुसतं अंकगणित होतं.

दरवर्षी दवाखान्यात कुणी ना कुणी हे वाक्य ऐकवतंच. सगळे म्हणतात चॉकलेट कुत्र्याला विष, आणि आपल्या कुत्र्यानं तर खाल्लं आणि मजेत शेपूट हलवत बसलं. मग माणूस ठरवून टाकतो की हे सगळं इंटरनेटवरचं थोतांड आहे. दोन्ही अनुभव खरे असतात. फक्त दोन्ही वेळचं चॉकलेट वेगळं असतं, किंवा कुत्र्याचं वजन वेगळं असतं.

या वेळचं चॉकलेट होतं डार्क, ५५ टक्के कोकोचं, अर्ध्या किलोची लादी. मी त्यांना वेष्टनाचा फोटो पाठवायला सांगितलं आणि उरलेला तुकडा वजनकाट्यावर ठेवायला. घरून चॉकलेट करणाऱ्यांकडे ग्रॅममध्ये मोजणारा काटा असतो, याचा फार उपयोग झाला. संध्याकाळी पाचला ३०० ग्रॅम वितळवलं होतं, त्याची नोंद वहीत होती. उरायला हवं होतं २००. काट्यावर भरलं ४०. म्हणजे १६० ग्रॅम गेलं.

डार्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण ५ मिलिग्रॅम. १६० गुणिले ५, झाले ८००. भागिले ११, किलोमागे ७३ मिलिग्रॅमच्या घरात. त्यात कॅफिन वेगळं, तेही याच कुळातलं, अंदाजे आणखी १०. तेवढंच १६० ग्रॅम मिल्क चॉकलेट असतं तर आकडा २९ वर थांबला असता आणि रात्र जुलाब पुसण्यात गेली असती.

वेष्टनावरच्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ५५ टक्के कोको यात कोकोचं लोणी आणि कोकोचा कोरडा भाग दोन्ही धरलेले असतात. थिओब्रोमाइन जवळजवळ सगळं कोरड्या भागात असतं, लोण्यात नाही. म्हणून व्हाइट चॉकलेटमध्ये ते नावापुरतं असतं आणि कोको पावडरमध्ये सगळ्यात जास्त, ग्रॅमला २० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही वर. केकच्या पिठात घालायला काढलेली एक मोठा चमचा कोको पावडर, पाचसहा ग्रॅम, एखाद्या तीन किलोच्या पॉमेरेनियनच्या पिल्लानं चाटली तर ते पिल्लू थेट हृदयाच्या त्रासापर्यंत पोचू शकतं. आपल्याकडचे अन्नसुरक्षेचे नियम मिल्क चॉकलेटमध्ये चरबी वगळून कोकोचा कोरडा भाग किमान २.५ टक्के मागतात, साध्या डार्क चॉकलेटमध्ये किमान १२ टक्के. दोघांमधला फरक या आकड्यांतच आहे. आणि ज्याला बाजारात डार्क कंपाउंड म्हणतात, ते "खरं चॉकलेट नाही" म्हणून निर्धोक समजू नये. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती चरबी असते, पण रंग आणि चव आणायला कोको पावडरच घातलेली असते.

वेळेचा अंदाज: घरची मंडळी सहाला सोनं घ्यायला बाहेर पडली, साडेआठला परतली. म्हणजे खाऊन दोन ते साडेचार तास झाले होते.

तेवढ्यात आजींनी शेजारच्यांच्या सल्ल्यानं दोन चमचे मीठ घातलेलं पाणी चिकूला पाजलं होतं, उलटी व्हावी म्हणून. हे मला नंतर कळलं. मिठाच्या पाण्याचा हा उपाय आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे की त्याबद्दल रागावून उपयोग नाही, पण तो कुत्र्याला करू नये. उलटी होईलच याची खात्री नसते, आणि झाली नाही तर रक्तातलं सोडियम चढून मेंदूला इजा होते. ज्या कुत्र्याला आधीच आकडीचा धोका आहे त्याला तर नकोच.

गोळी देऊ नका, काही पाजू नका, वेष्टनाचे सगळे तुकडे पिशवीत भरा आणि निघा, एवढं सांगून मी दवाखाना उघडायला गेले. धनत्रयोदशीच्या गर्दीतून सिंहगड रस्त्यावरून त्यांना पोचायला सव्वाअकरा वाजले.

टेबलावर

नाडी मिनिटाला १८४. एरवी चिकूची दवाखान्यातली नाडी शंभरच्या आसपास असते. ताप १०३.४ अंश फॅरेनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५. हिरड्या लालभडक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मांड्यांचे स्नायू बारीक थरथरत होते. शुद्ध पूर्ण होती. नुसती होती असं नाही, जरा जास्तच होती. टाळी वाजवली की दचकून उभी राहत होती. टेबलावर ठेवल्या ठेवल्या पुन्हा लघवी.

रक्तात सोडियम १५७, आमच्या यंत्राच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला. पोटॅशियम ३.४, जरासं कमी. साखर व्यवस्थित. साखर मी मुद्दाम बघते, कारण शुगर-फ्री चॉकलेटमध्ये झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असेल तर खेळच वेगळा. कुत्र्यात झायलिटॉलनं इन्सुलिन एकदम उसळतं, साखर कोसळते, मात्रा जास्त असेल तर यकृत जातं. तिथे चॉकलेटचा विचार दुसऱ्या नंबरला जातो. इथे वेष्टनावर साधी साखर लिहिलेली होती.

आता निर्णय होता तो उलटीचा. खाऊन तीन-पाच तास झालेले. बहुतेक विषांच्या बाबतीत एवढ्या वेळानं उलटी करवण्यात अर्थ नसतो. चॉकलेट मात्र पोटात वितळून त्याचा चिकट गोळा होतो आणि तो बराच वेळ तिथेच बसून राहतो. सहा-आठ तासांनीसुद्धा निघतो. म्हणजे काढण्यासारखं आत काही तरी नक्की होतं. दुसऱ्या बाजूला, कुत्रं थरथरायला लागलेलं असताना उलटी करवली आणि त्याच वेळी आकडी आली, तर ती उलटी फुप्फुसात जाते. विषबाधेतून वाचलेलं कुत्रं न्यूमोनियानं जातं. तिसरा मार्ग भूल देऊन नळीनं पोट धुण्याचा. पण १८४ च्या नाडीवर भूल देणं हाही काही सुरक्षित सौदा नाही, आणि चॉकलेटचा गोळा नळीतून सहज येत नाही.

चिकू शुद्धीत होती, गिळत होती, थरथर मांड्यांपुरती होती. मी उलटीच्या बाजूनं गेले. अपोमॉर्फिन हे यासाठीचं सगळ्यात भरवशाचं औषध, पण ते आमच्याकडे नव्हतं. म्हणून ३ टक्क्यांचं ताजं हायड्रोजन पेरॉक्साइड, १५ मिली, पिचकारीनं गालातून हळूहळू. हा प्रकार घरी करू नये. जुनी बाटली, चुकीची तीव्रता किंवा जास्त मात्रा असली तर अन्ननलिका आणि जठर भाजतं, आणि तोंडात जबरदस्तीनं ओतलं तर फुप्फुसात जातं.

आठ मिनिटांत पहिली उलटी. तपकिरी, घट्ट, गोड वासाची. वास इतका ओळखीचा की आमच्या मदतनीस पोरानं नाक मुरडलं आणि म्हणाला, "मॅडम, मी यंदा चॉकलेट खाणार नाही." दुसऱ्या उलटीत मोठा गोळा आला, त्यात चांदी कागद. तिसऱ्या उलटीत बदामाचे तुकडे आणि फुगलेले मनुके.

मनुके कुठून आले? विचारल्यावर लक्षात आलं की तयार ट्रेमधली सुका मेवा घातलेली चारेक चॉकलेटंही गायब होती. मनुके आणि द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं. चॉकलेटसारखा मात्रेचा हिशोब इथे नीट लागत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेसेही बाधतात. त्यामुळे यादीत मूत्रपिंडाच्या तपासण्या वाढल्या. आपल्या चिवड्यात, शिऱ्यात, लाडवात सगळीकडे मनुके असतात आणि चॉकलेटला घाबरणारे लोकही लाडू बिनधास्त भरवतात, हे या निमित्तानं सांगून ठेवते.

उलट्या थांबवायचं इंजेक्शन दिलं, पाऊण तास जाऊ दिला, मग ॲक्टिव्हेटेड चारकोल (विष धरून ठेवणारी कोळशाची खास पूड), किलोला एक ग्रॅम या हिशोबानं ११ ग्रॅम, पाण्यात कालवून. थिओब्रोमाइन आतड्यातून रक्तात जातं, यकृतातून पित्तावाटे परत आतड्यात येतं आणि तिथून पुन्हा शोषलं जातं. चारकोल त्याला या फेरीत पकडतो. म्हणून तो एकदा देऊन भागत नाही. पण चारकोलनंही सोडियम चढू शकतं, आणि चिकूच्या पोटात मिठाचं पाणी आधीच गेलेलं. म्हणून सहा तासांनी फक्त एक निम्मा डोस आणि दर वेळी आधी सोडियमची तपासणी, असं ठरवलं. (करपलेली भाकरी म्हणजे चारकोल नव्हे. हेही दरवर्षी कुणीतरी विचारतं.)

शिरेतून सलाईन चालू केलं, त्यात पोटॅशियम. मूत्राशयात नळी घातली. ही नळी बघून घरच्यांना वाटलं की काही तरी फारच गंभीर झालंय. कारण वेगळं होतं: हे विष लघवीवाटे बाहेर पडतं खरं, पण लघवी मूत्राशयात तुंबून राहिली तर तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणून मूत्राशय सतत रिकामं हवं.

मध्यरात्रीनंतर

उलटीत बरंच बाहेर आलं, पण जे रक्तात गेलं होतं त्यानं आपला जोर दाखवलाच. साडेबाराच्या सुमारास थरथर मांड्यांवरून खांद्यावर आणि जबड्यावर आली. नाडी २१०. ताप १०४.१.

शरीरात नेमकं काय होत होतं? मेंदूत आणि हृदयात ॲडेनोसिन नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. थिओब्रोमाइन आणि कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतात. शिवाय पेशींच्या आत कॅल्शियम वाढतं, स्नायू आकसत राहतात, हृदय जोरात आणि लवकर ठोकतं. सतत आकसणाऱ्या स्नायूंची उष्णता होते, म्हणून ताप. तो जंतूंचा ताप नव्हे, त्यावर तापाची गोळी चालत नाही. माणसालाही हेच सगळं होऊ शकलं असतं, पण आपण थिओब्रोमाइन झपाट्यानं निकामी करतो. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमाइन निम्मं व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात. कॅफिन साडेचार तासांत निम्मं होतं. म्हणजे सुरुवातीची तडफड दोघांची मिळून असते, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरणारा त्रास थिओब्रोमाइनचा.

डायझेपाम शिरेतून दिलं, थरथर उतरली. तासाभरानं परत आली, परत दिलं. ईसीजीवर ठोके वेगवान पण बहुतांश सरळ होते. मधूनच एखादा रुंद, वेडावाकडा ठोका येत होता. तो सलग यायला लागला तर द्यायचं म्हणून लिग्नोकेन भरून ठेवलं, ते लागलं नाही. नाडी उतरवायला मेटोप्रोलॉल शिरेतून, अगदी सावकाश. या कामाला प्रोप्रॅनोलॉलही वापरतात, पण त्यानं हे विष लघवीतून बाहेर पडायचा वेग मंदावतो, म्हणून पर्याय असेल तेव्हा मी ते टाळते. पंखा लावला, पोटावर आणि पंज्यांवर नळाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल ठेवले. बर्फ नाही, बर्फानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उष्णता आतच कोंडते.

खोलीतला दिवा घालवला. पण दिवाळी काही घालवता येत नाही. पहाटे चारपासून नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचे फटाके सुरू झाले, आणि प्रत्येक सुतळी बॉम्बला चिकूचं अख्खं अंग झटका बसल्यासारखं उडत होतं. हे दचकणं भीतीचं नव्हतं. तिची शेपूट सरळ होती, कान पुढे होते, ती लपायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हती. मज्जासंस्था इतकी ताणलेली होती की आवाज कानावर पडला की स्नायू आपोआप उडत. मालकीणबाई तिच्याशेजारी बसून होत्या. त्यांना मी हे दाखवलं. खिडकीला घोंगडं लावलं, कानात कापूस घातला, आणि डायझेपामची वेळ थोडी अलीकडे घेतली.

आकडी आली नाही. सकाळी सातला नाडी १५२, ताप १०२.८, सोडियम १५३. चारकोलचा निम्मा डोस गेला. दुपारपासून शी काळीकुट्ट, ती चारकोलमुळे, आणि तिच्यात चांदी कागदाचे उरलेसुरले तुकडे. पोट दाबून बघितलं, मऊ होतं. चांदी कागद बहुधा निघून जातो. जाड प्लॅस्टिकची वेष्टनं गिळली असती तर आतडं अडण्याची धास्ती जास्त होती.

"आता बरी दिसतेय, घरी नेऊ?"

हा प्रश्न नरकचतुर्दशीच्या दुपारी आला आणि तो स्वाभाविक होता. चिकू उठून बसली होती, नाडी १३० च्या आत आली होती, उद्या घरात लक्ष्मीपूजन. खाऊन तेव्हा वीसेक तास झालेले. म्हणजे रक्तात गेलेल्या थिओब्रोमाइनचा निम्म्याच्या जवळपास भाग अजून आतच होता. उलटी आणि चारकोलमुळे तो कमी झाला असणार, पण किती कमी हे मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. मी नाही म्हणाले. मालकांना ते फारसं रुचलं नाही. बिल वाढवायला ठेवून घेतात ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती आणि ती मला दिसली. अशा वेळी हिशोब कागदावर मांडून दाखवणं हा एकच उपाय असतो. मी मांडला. साडेसतरा तासांनी निम्मं, पस्तीस तासांनी पाव. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी एक गोष्ट दिसली, जी या केसमधली सगळ्यात शिकण्यासारखी आहे असं मला वाटतं. सातच्या सुमारास शेजारच्या सोसायटीत मोठी माळ लागली. चिकू टेबलाखालून सरकत औषधांच्या कपाटामागे गेली, अंग चोरून, शेपूट पायात घालून. नाडी १६० वर गेली. माळ संपली, दहा-पंधरा मिनिटांत ११८ वर आली. पाणी प्यायली नाही, लघवी झाली नाही, हाक मारली तर फक्त डोळे वळवले. ही होती तिची खरी फटाक्यांची भीती. एकाच कुत्र्यात, एकाच दिवाळीत, चोवीस तासांच्या आत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी बघायला मिळणं दुर्मीळ.

आपल्याकडे हा घोळ होण्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०१७ साली व्हेटरिनरी रेकॉर्डमध्ये दाखवलं होतं की कुत्र्यांनी चॉकलेट खाण्याच्या घटना नाताळात आणि ईस्टरला उसळतात; व्हॅलेंटाइन किंवा हॅलोविनला तशी वाढ त्यांना दिसली नाही. त्यांच्या नाताळाच्या दुपारी कुत्रं थरथरायला लागलं तर त्याचं दुसरं सोपं कारण पटकन समोर नसतं. आपल्याकडे घरात भेटीचे चॉकलेटचे डबे येतात ते नेमके फटाक्यांच्या दिवसांत. धापा, थरथर, येरझाऱ्या या तिन्हीचं उत्तर खिडकीबाहेर वाजत असतं. त्यात घरात मागच्या वर्षीची गोळी पडलेली. ती देऊन कुत्रं गुंगीत गेलं असतं, थरथर झाकली गेली असती आणि ताल बिघडलेल्या हृदयाकडे सकाळपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नसतं.

घरात मांजरही आहे, आणि ती त्याच ओट्यावर झोपते. चॉकलेटला तिनं तोंड लावलं नव्हतं. मांजरांच्या जिभेवर गोड चव ओळखणारी यंत्रणाच नसते. त्यामागचं बिघडलेलं जनुक २००५ साली सापडलं. विष मात्र त्यांनाही तितकंच आहे, त्यामुळे क्रीम किंवा लोण्याच्या लोभानं एखादी मांजर चॉकलेटचा केक चाटेल तर तिलाही हाच हिशोब लागू. या मांजरीला तपासून सोडून दिलं.

पुढे

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चिकू घरी गेली. नाडी १०४, ईसीजीवर वेडेवाकडे ठोके आदल्या दुपारनंतर दिसलेले नव्हते. सोबत तीन दिवस फक्त मऊ भात आणि उकडलेलं चिकन, तेल-तूप वर्ज्य. चॉकलेटमध्ये विषाइतकीच चरबीही भरपूर असते आणि एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोट दुखलं की कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभं राहतं, तसं दिसलं किंवा पुन्हा उलटी झाली तर लगेच आणायला सांगितलं. भाऊबीजेच्या दिवशी तिनं सकाळचं जेवण सोडलं, त्यामुळे एकदा धावपळ झाली. तपासणीत स्वादुपिंड ठीक निघालं. पाहुण्यांपैकी कुणीतरी तिला आधीच अर्धी चकली भरवली होती.

मनुक्यांसाठी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) दाखल करताना ०.९, दुसऱ्या दिवशी ०.९, तिसऱ्या दिवशी १.०. लघवीचं प्रमाण व्यवस्थित. मूत्रपिंडाचा प्रश्न तिथेच मिटला.

मालकीणबाईंनी कच्चा माल आता कडी असलेल्या लोखंडी कपाटात हलवला आहे आणि प्रत्येक लादीचं वजन उघडताना व बंद करताना वहीत लिहितात. ती सवय त्यांना धंद्यासाठी आधीपासूनच होती. फटाक्यांच्या गोळीची जुनी पट्टी मी परत मागून घेतली. पुढच्या वर्षीची गोळी नवरात्रातच चिकूला प्रत्यक्ष तपासून, तेव्हाच्या वजनानुसार ठरवायची, आणि दिवाळीच्या रात्री ती देण्याआधी फोनवर तीन गोष्टी सांगायच्या, असं ठरलं आहे: चिकू कुठे बसली आहे, पाणी किती प्यायली, आणि फटाके थांबल्यावर काय करते.